पांढऱ्या पिकअपची ओढ

सुषमाची जुनी पिकअप अखेर मेली ती कामरेजच्या हायवेवर, जुन्या गाड्यांच्या यार्डासमोर. तेही मागे टोचनच्या दोराला एक बंद कार बांधलेली असताना. पिकअप थांबली आणि मागची कार हळूच येऊन तिला टेकली. दमलेलं लेकरू आईच्या पाठीला टेकतं ना, अगदी तशी. कारचा मालक स्टेअरिंगवर बसल्या बसल्या झोपलेला होता आणि धक्का बसूनही उठला नाही, असं सांगतात. आता सुरतची माणसं दमतातच तेवढी, त्याला कोण काय करणार!

यार्डातून एक माणूस बाहेर आला. चाळिशीला टेकलेला, खांद्यावर फडकं, डोळ्यांत कितीतरी दुपारींची राहिलेली झोप.

"गेली?" त्यानं विचारलं.

"गेली."

"आत आणा मग. आमच्याकडे सगळ्या एकदा मरूनच येतात."

सुषमाला हसायचं नव्हतं. सकाळपासून हजीरा रोडवरच्या तीन गाड्या ओढून तिचे खांदे भरून आले होते. पण हसू आलं... आणि ते त्यानं पाहिलं. तो वाल्मिक. मूळचा शिरपूरकडचा, शेठच्या यार्डात गाड्या दाखवायच्या कामावर.

सुषमाही तिकडचीच. इच्छापोरला वडलांनी सुरू केलेलं बंद गाड्या ओढून गॅरेजला पोचवायचं काम वडलांमागे तिनं एकटीनं चालवलं होतं. रात्री-अपरात्री फोन येई, ही निघे. लोकांच्या गाड्या घरी पोचवता पोचवता स्वतः घरी पोचायचं मात्र राहूनच गेलं. भाऊ बळीराम आता इकडेच ये म्हणून गावाहून फोन करायचा, "बस कर आते, बाई. आठे ये, घर तुनंच शे." ती म्हणायची, "येते, येते." आता तर पिकअपही गेली होती. दुसरी मिळाली तर काम चालणार. नाही मिळाली तर गाव.

म्हणून ती दर रविवारी कामरेजला यायला लागली.

"ही निळी कशी?"

"हिचे स्प्रिंगचे पाटे बसलेत. कार सोडा, लग्नाची वरातही ओढायची नाही."

"मग ती हिरवी?"

"चासी जोडलेली आहे. चढावर पुढची अर्धी तुमच्याबरोबर येईल, मागची अर्धी कारपाशी थांबेल."

"आणि ही लाल?"

"हिनं जन्मभर उसाच्या रसाची पिंपं वाहिली. चव घेऊन बघा, पत्रासुद्धा गोड लागेल. पण गंजलाय."

आपलाच माल असा पाडून बोलणारा माणूस सुषमानं पाहिला नव्हता. हा गाड्या विकतो की गिऱ्हाईकं पळवतो म्हणून शेठ कपाळाला हात लावायचा, "अरे वाल्मिक, वेचवा बेठो छे के भगाडवा?" वाल्मिक चहा सांगायचा. मग लिंबाखालच्या बाकावर बसून दोघं कपातला चहा थंड होईपर्यंत गाड्यांच्या तब्येतीवर बोलायची. आणि त्या बोलण्यात सुषमाच्या खांद्यांचं दुखणं कसं कोण जाणे, कमी व्हायचं.

एक गोष्ट मात्र तिच्या कानांनी टिपली होती. सुरतेत बाई दिसली की बेन, म्हणजे बहीण, बाप्या दिसला की भाई. वाल्मिक चहावालीला बेन म्हणायचा, पोलिसबाईला बेन म्हणायचा. एकदा तर फाटकात आडव्या बसलेल्या म्हशीलाही म्हणाला, "बेन, जरा बाजूला व्हाल का?" आणि म्हैस उठली! पण सुषमाला? "ओ", "अहो", "ऐकता का"... सगळं म्हणून झालं. सुषमाबेन एकदाही नाही.

ती मात्र दर वाक्याला 'वाल्मिकभाई' म्हणायची. म्हटलं की त्याचा चेहरा पंक्चर झाल्यासारखा बसायचा. मग ती आणखी एकदा म्हणायची.

लिंबामागे ताडपत्रीखाली एक पांढरी पिकअप उभी असे.

"तिचं काय, वाल्मिकभाई?"

"ती नको. तिच्यात भूत आहे. आधीच्या मालकाचं. चढावर गिअर काढून घेतं. फार तापट माणूस होता."

सुषमानं ताडपत्रीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती आली ती बाकावर बसलीच नाही. चहालाही नको म्हणाली.

"आज शेवटचं, वाल्मिकभाई. भाड्याच्या गाडीवर किती दिवस काढणार? थकले मी. उद्या बळीराम येतोय सामान न्यायला."

वाल्मिकच्या हातातलं फडकं बॉनेटवर एकाच जागी फिरत राहिलं. आपण केलं काय, हे त्याला त्या घटकेला कळलं. तो लिंबामागे गेला आणि ताडपत्री ओढून काढली.

"भूत उतरलं," तो म्हणाला. "आज सकाळीच."

चासी साफ, पाटे ताठ, मागचा हूक भक्कम. एका चावीत चालू.

"ओढ बघायला मागं वजन हवं," सुषमा म्हणाली.

दोघांनी एक बंद कार दोराला बांधली. कारच्या स्टेअरिंगवर वाल्मिक बसला. दोघांचे फोन स्पीकरवर. पिकअप हायवेला लागली, तापीच्या पुलाचा चढ समोर आला.

"दोर सैल नका पडू देऊ," ती म्हणाली. "ब्रेकवर पाय असू दे."

"आहे. पण फार दाबत नाही... तुम्हाला जड जाईल."

तिला काही जड जाईल, हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वाल्मिकभाई... ते भूत आता कुठं आहे?"

"तुमच्या मागं. दोराच्या टोकाला."

खाली तापी संथ वाहत होती.

"खोटं बोललो मी," फोनमधून आवाज आला. "तुम्ही गाडी घेतली असती तर रविवार संपला असता. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्यालाही भूतच सांगायचो. पण तुमचं कामच तुटेल, हे नाही आलं ध्यानात. न्या गाडी. रविवारी नाही आलात... तरी चालेल."

"बोलून झालं?"

"झालं."

"मग ऐका. मी गाड्या ओढून पोट भरते. ताडपत्रीखालची गाडी मला टायरवरून कळते. भुताच्या टायरात दर आठवड्याला ताजी हवा कोण भरतं हो?"

"कळलं होतं... तर विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर घ्यावी लागली असती."

चढ संपत आला. क्लचचा वास नाही, गिअर जागचा हलला नाही.

"ओढ... कशी आहे?" त्यानं भीत भीत विचारलं.

"आहे. पहिल्या दिवसापासून आहे, वाल्मिक."

मागे करकचून ब्रेक लागला. दोर ताठ झाला, अख्खी पिकअप थरथरली, पाठीमागच्या ट्रकनं हॉर्नवर हॉर्न मारले.

"अहो, पाय काढा! दोर तुटेल!"

"काय म्हणालात तुम्ही?"

"ब्रेकवरचा पाय काढा म्हणाले!"

"नाही... त्याच्या आधी."

सुषमानं आरशात पाहिलं. दोराच्या त्या टोकाला एक दमलेला माणूस दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, काचेला नाक लावून बसला होता. तिनं पहिला गिअर टाकला, क्लच हळू सोडला.

"वाल्मिक," ती पुन्हा म्हणाली, दिवसभराचं ओझं डोक्यावरून उतरवावं तसं. "नुसतं वाल्मिक. आता पाय काढा... घरी जाऊ या."