भुंगीची गुणगुण

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं काहीच नाही. माझ्या सख्ख्या ताईच्या घरी घडलंय हे. गेल्या महिन्यात, एका मंगळवारी. तेही भरदुपारी, सव्वातीनला.

ताई जुनी चित्रं साफ करते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक कामाची. भावोजी बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी. चार वर्षांची लेक दिवसभर कामाच्या टेबलाखाली बसून गुणगुणायची, म्हणून तिचं नाव पडलं भुंगी.

कधीकधी दिवसभरात घरात तेवढाच आवाज असायचा.

त्या दिवशी टेबलावर एक चित्र आडवं ठेवलं होतं. रिकामी खोली, त्यात एक मेज, बाकी सगळा काळपट मळ.

"चित्रं माणसं गिळतात असले सिनेमे एकटी बघत जाऊ नकोस," भावोजी फोनवर म्हणाले.

"अहो, सिनेमात निदान घरी चार माणसं तरी असतात!" ताई हसली.

पण तोवर फोन कट झाला होता.

आता सांगते ते ऐकून नाक मुरडू नका. असा मळ काढायला काडीला कापूस गुंडाळतात आणि तो थुंकीनं ओला करतात. लाळेइतकं हळुवार दुसरं काही नाही. पण सकाळपासून काम करून ताईच्या तोंडाला कोरड पडली होती, आणि पाण्यासाठी उठायचा कंटाळा.

"भुंगे, जीभ दाखव बरं."

"मी पण काम करू?"

"कर की! माझी मोठी कारागीर ती."

भुंगीच्या जिभेवरून फिरवलेला कापूस ताईनं चित्रातल्या मेजाखाली हलकेच घासला. मळ सुटला...

खाली एक पाऊल होतं. लहान मुलाचं. अनवाणी.

ताई बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं...

टेबलाखाली सामसूम होती.

"भुंगे?"

ती वाकली. भुंगी तिथेच होती. मान डोलत होती, गळा थरथरत होता. आवाज नव्हता.

गुणगुण येत होती... टेबलाच्या वरून.

तीन डॉक्टर झाले. घसा ठणठणीत आहे म्हणतात. ताईनं एकदा त्या पावलावर रंग चढवून पाहिला, तर आवाज उशीखालून आल्यासारखा घुसमटला. रडत रडत तिनं तो रंग पुसला.

चित्राचा मालक रोज फोन करतो. ती उचलत नाही.

परत देणार कशी?

दुपारी ती चित्र भिंतीला टेकवते आणि समोर बसून लेकीचा आवाज ऐकते. लेक शेजारीच असते.

काल मी भेटायला गेले. माझं बाळ आठ महिन्यांचं. दात येतायत, दिसेल त्याला तोंड लावतं. मी पिशवीतून दुपटं काढेपर्यंत ते रांगत भिंतीपाशी पोचलं...

"उचल त्याला!" ताई किंचाळली.

उचललं. चित्राच्या खालच्या कडेवर लाळ चमकत होती. ताईनं पुसायला फडकं घेतलं... आणि पुसलं तर तिथलाही मळ सुटेल म्हणून तसंच खाली ठेवलं.

आज सकाळपासून बाळ रडलेलं नाही. सासूबाई म्हणतात, किती शहाणं झालंय.

मी पाळण्यापाशी बसलेय. त्याचं तोंड वासलेलं आहे, गालांवरून पाणी ओघळतंय.

ताईचा तिसऱ्यांदा फोन येतोय.

उचलला, तर तिच्या मागून काय ऐकू येईल...