पाऊण फुटाचे तुकडे

गणिताच्या बाई सुतारकामाच्या खोलीत शिरल्या त्या फक्त कात्री मागायला. दोन महिन्यांपूर्वी आलेला हस्तकलेचा शिक्षक रंधा मारत होता, केसांत भुसा, बाह्या वर दुमडलेल्या, आणि... असो! बाईंना बघायला वेळ कुठे होता?

उद्या तपासणी. ‘अपूर्णांकाने भागायचं तर तो उलटा करा आणि गुणा’ एवढ्यावर नव्या अभ्यासक्रमात सुटका नव्हती. का उलटा, ते मुलांनीच शोधायचं. जमलं नाही तर सातवीचा वर्ग हातून जाणार आणि बाईंची रवानगी शाळेच्या दुसऱ्या शाखेत.

“कात्री मागितलीत आणि करवत उचललीत,” तो म्हणाला.

“घाईत आहे.”

“करवतीने कागद कापणार?” तो हसला. “काय अडलंय, सांगा तरी.”

बाईंनी सांगून टाकलं. त्याने एक फुटाची लाकडी पट्टी पुढे ठेवली. “पाऊण फुटाचे तुकडे किती निघतील?”

“एक. आणि पाव उरला.”

“पाव फूट. पण तुकड्याचा कितवा हिस्सा?”

त्याने पट्टी कापून दिली. उरलेला भाग त्यांनी मोठ्या तुकड्यावर ठेवून पाहिला. बरोबर तीनदा बसला.

“अगं बाई, तिसरा हिस्सा! म्हणजे तीन चतुर्थांशाचे निघाले एक आणि एक तृतीयांश... चार तृतीयांश. उलटा झाला की!” त्यांचे कान तापले. “अकरा वर्षं शिकवतेय, आणि आज कळलं. हसा आता.”

“हसत नाहीये. मी... बघतोय.”

बाईंनी घाईघाईने काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई मागच्या बाकावर बसल्या. बाईंनी तसल्याच पट्ट्या वाटल्या, आणि मुलंही नेमकी त्या ‘पाव’वरच अडली. उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण जीव मुठीत धरून त्या गप्प राहिल्या. एक मिनिट... दोन... शेवटी कोपऱ्यातून एक मुलगी ओरडली, “बाई, तीनदा बसतो!”

“सातवी तुमच्याकडेच राहू दे,” तपासनीस बाई जाताना म्हणाल्या.

बाहेर तो उभा होता, चेहरा पांढराफटक.

“तुम्हाला काय झालं?”

“तास तुमचा, आणि घाम मला! दोन महिने भिंतीपलीकडून तुमचा आवाज ऐकतोय. तुम्ही गेला असतात तर...”

“तर?”

“करमलं नसतं मला. आवडता तुम्ही.”

बाईंची छाती धडधडू लागली, तासाला धडधडली नव्हती एवढी. “मला भीती वाटतेय,” त्या म्हणाल्या.

“मलाही.”

“मग मधल्या सुट्टीत चहा घेऊ या... घाबरत घाबरत का होईना.”