डाव्या दिव्याच्या उजेडात

उलटे पाय, किंकाळ्या, आपोआप उघडणारी दारं... असलं काही हवं असेल तर इथूनच मागे फिरा.

मी सांगतोय ते माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. गेल्या हिवाळ्यात. तिच्या घराखालच्या गॅरेजमध्ये, दिवेलागणीच्या वेळी.

आणि मावशी थापा मारत नाही. थापा मारायला समोरच्याची थोडी तरी किंमत वाटावी लागते. तिला कुणाचीच वाटत नाही.

मावशी गाडी चालवायला शिकवते. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलंय, आणि त्या अर्ध्या गावाला ती बैल म्हणते. उरलेलं अर्धं तिने अजून पाहिलेलं नाही, एवढंच.

त्या आठवड्यात एका बैलाने तिची गाडी फाटकाच्या खांबावर घातली. डावा हेडलाईट फुटला. मॉडेल जुनं, नवा दिवा मिळेना. म्हणून ती जुन्या पार्टच्या दुकानात गेली. पुढे पत्र्याची शेड, मागे मोडक्या गाड्यांचा ढीग.

"हा बसेल, मॅडम," दुकानदार म्हणाला.

"डोंबल बसेल! याचं सॉकेट वेगळं आहे. शिवाय हा उजवा. तुला डावं-उजवं तरी कळतं का?"

शेवटी तिनेच फळीवरून एक दिवा उचलला. काच लख्ख. नंबर जुळत होता.

दुकानदाराने बॅटरीला तारा जोडल्या. दिवा पेटला...

आणि दुकानदार झटकन बाजूला सरकला.

"पळतोस काय? दिवा आहे, तोफ नाही."

तो हसला नाही.

संध्याकाळी मावशीने दिवा बसवला. उजेड नीट पडतो का ते बघायला गाडी गॅरेजच्या भिंतीसमोर उभी केली. ती स्टिअरिंगवर. काका भिंतीपाशी, खडू घेऊन. उजेडाच्या कडेला रेघ मारायची होती.

तिने दिवे लावले. भिंतीवर दोन गोल पडले. काका उजव्या गोलात, डोळे मिचकावत.

"तिथे नाही हो! माझ्या डावीकडे!"

काका निघाले...

आणि दिसेनासे झाले.

"खडू पाडलात ना? एक काम धड होत नाही तुमच्याच्याने."

"अगं, उभा आहे की. रेघ कुठे मारू?"

आवाज समोरून आला.

समोर नुसती भिंत. सावलीसुद्धा नाही. फक्त चपला घासल्याचा आवाज... सर्र... सर्र...

मग भिंतीवर एक पांढरी रेघ उमटायला लागली. हळूहळू. आपोआप...

मावशीने दिवे बंद केले. काका तिथेच. हातात खडू.

दिवे लावले. भिंत.

"दिव्यांशी काय खेळतेस?" रिकाम्या भिंतीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मावशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. नजर उत्तम, डॉक्टर म्हणाले. "तोही बैलच," ती मला म्हणाली. पण भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना ती बैलाच्याही खाली धरते. त्यामुळे दिवा तसाच राहिला.

त्याच संध्याकाळी एक नर्सबाई शिकायला आल्या. स्टिअरिंग त्यांच्या हातात, मावशी शेजारी. तिच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. अंधारून आलं होतं. दिवे लागले. रस्ता मोकळा.

"चला की! मोकळ्या रस्त्यालाही घाबरता?"

तेवढ्यात...

ट्रिंग.

सायकलची घंटा. पुढे कोणी नाही.

ट्रिंग ट्रिंग... जवळ. अगदी जवळ...

मावशीने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन थांबली.

"कोणी नव्हतं की, मॅडम," नर्सबाई म्हणाल्या.

मावशीने दिवे बंद केले.

बॉनेटला खेटून एक बाई उभी होती. सायकल आडवी. मागच्या कॅरिअरवर लहान मूल, आईचा कुर्ता घट्ट धरून.

"आंधळ्या आहात का?" ती कडाडली. "गाडी शिकवली कोणी तुम्हाला?"



सकाळी तिने दिवा काढला आणि दुकानात नेऊन दिला. दुकानदाराने काही विचारलं नाही. जिथून उचलला होता त्याच फळीवर ठेवला.

"हा विकू नकोस."

"बरं."

"नुसतं बरं नको!"

"बरं, मॅडम."

मी तिला विचारलं, "तूच का नाही फोडलास?"

"मी? दिव्याला घाबरून? लोक काय म्हणतील!"

मावशी अजून शिकवते. पण अंधार पडला की रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवत जाते. शिकणारे हसतात. "रस्ता रिकामाच आहे, मॅडम."

"कशावरून?" ती म्हणते.

मला राहवेना. परवा मीच त्या दुकानात गेलो. फळी रिकामी होती.

"गेला," दुकानदार म्हणाला.

"कोणाला दिलास?"

"होता कोणीतरी. त्याच्या गाडीला बसला." त्याने खांदे उडवले.

घरी येताना मी रस्ता ओलांडत होतो. दिवेलागण झाली होती. समोरून दिवे लावलेली गाडी आली. मी हात वर केला. ड्रायव्हर थेट माझ्याकडेच बघत होता...

वेग कमी झाला नाही.

मी मागे उडी मारली, म्हणून आज हे लिहितोय. असतात असे बेपर्वा लोक, मी स्वतःला सांगतो.

पण त्याने हॉर्नही वाजवला नव्हता. आणि त्याचा चेहरा... मोकळ्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा असतो, तसा निवांत होता.