खालच्या पट्टीत

शाळा सुटल्यावर प्रिस्का गास गावच्या रस्त्याने स्कूटीवरून घरी निघाली होती, तेव्हा एका केळीच्या वाडीतून गाणं ऐकू आलं. चर्चमधलं ओळखीचं स्तोत्र... पण इतकं बेसूर, की तिने गाडीच थांबवली. केळींना पाणी लावणारा एक उंच तरुण, गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला, डोळे मिटून गात होता.

“वरचा सा खाली पडतोय,” ती कुंपणाबाहेरून म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

तो वळून हसला. “पडू दे. खाली मऊ चिखल आहे.”

त्याचं नाव एडवर्ड. ईस्टरनंतर बहिणीच्या, फ्लॉसीच्या, लग्नात त्याला हे स्तोत्र गायचं होतं. आईने देवाघरी जाण्याआधी तसं कबूल करून घेतलं होतं. शिकवाल का, असं त्याने विचारलं. प्रिस्काने सांगितलं, गळ्याचं ऑपरेशन झालंय, गाता येत नाही.

“चूक दाखवायला गाता कशाला यायला हवं?” तो म्हणाला.

नंदाखाल गावच्या चर्चमध्ये ती बाराव्या वर्षापासून गायची. गेल्या वर्षी थायरॉईडची गाठ काढली आणि आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती, पण कल्पना असणं वेगळं. आता ती रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, शेवटच्या बाकावर ओठ मिटून बसे. शाळेत मुलांना कीबोर्ड शिकवी, घरी भाजी निवडी, पप्पांचा डबा भरी. सगळं जमत होतं, फक्त प्रार्थना जमत नव्हती. तिची प्रार्थना गाण्यातूनच व्हायची. देवाने दिलेलं त्यानेच परत घेतलं... मग त्याच्याशी बोलायचं तरी कशाने?

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या संध्याकाळी ती एडवर्डच्या वाडीतल्या बावखलाच्या, छोट्या तळ्याच्या, काठी कीबोर्ड मांडून बसू लागली. ताल चुकला की बोटाने त्याच्या मनगटावर ठेका धरायची. तो मुद्दाम चुकतोय, हे तिला आठवड्याभरात कळलं; तरी तिने बोट काढलं नाही. एकमेकांना ‘अहो-जाहो’ म्हणणं कधी सुटलं, तेही कळलं नाही. एकदा मनातलं सगळं तिने त्याला सांगितलं. त्याने धीर वगैरे दिला नाही.

“वादळात माझी सगळी केळी आडवी झाली होती,” तो म्हणाला. “पंधरा दिवस देवाशी भांडत होतो. पण भांडण असलं तरी पाणी लावावंच लागतं ना... ते लावता लावता कधीतरी मिटलं.”

त्या दिवशी घरी कांदा चिरताना प्रिस्का देवाशी पुटपुटत मनसोक्त भांडली. वर्षभरातलं ते तिचं पहिलं बोलणं.

लग्नाला दोन दिवस उरले असताना एडवर्ड हळूच म्हणाला, “एक सांगू? मी तुला आधीपासून ओळखतो. गासहून दर रविवारी नंदाखालला यायचो... तुझा आवाज ऐकायला.”

प्रिस्काचे हात थांबले. म्हणजे याचा जीव त्या आवाजावर होता — आणि तो आवाज तर आता नव्हताच. तिने कीबोर्ड आवरला आणि निघून आली. त्याचे तीन फोन तिने घेतले नाहीत.

पण लग्नात ऑर्गन वाजवायचा शब्द दिला होता. लग्नाच्या सकाळी ती चर्चच्या मागच्या बाजूला ऑर्गनपाशी जाऊन बसली. एडवर्ड गायला उभा राहिला. पहिलं कडवं नीट झालं, दुसऱ्यात आईचं काही आठवलं असावं. त्याचे शब्द अडले. प्रिस्काने पट्टी खाली उतरवली आणि स्वतःच्या घोगऱ्या, भेगाळलेल्या आवाजात पुढची ओळ उचलली. कुणीही मागे वळून पाहिलं नाही. ओळीमागून ओळ लोक गाऊ लागले. एडवर्डही.

फोटो चालू असताना तो तिला चर्चच्या मागच्या पायरीवर सापडला.

“रागावलीस, ते बरोबर होतं,” तो म्हणाला. “मी अर्धंच सांगितलं. त्या आवाजाशी बोलायची माझी कधी हिंमत झाली नाही, प्रिस्का. या आवाजाशी दोन महिने बोलतोय... आणि आता एक दिवस बोललो नाही तर करमत नाही.”

तिने खाली बघत साडीचा पदर सारखा केला. मग त्याच्या कोटाला चिकटलेली फुलाची पाकळी काढली — हात मात्र तिथेच राहिला.

“रविवारी मिस्सानंतर घरी ये,” ती म्हणाली. “पप्पांशी मी आधी बोलून ठेवते.”