रोज तेवढंच चुकणारं घड्याळ

सौरवादळांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रं निकामी केली आणि सोलापुरात पुन्हा चाकांची मनगटी घड्याळं आली. हात हलला की आपोआप चावी मिळणारी. सरकारनं घरटी एक वाटलं, तेही कमावत्यालाच. वेळेसाठी नव्हे हो, वेळेला गिरणीचा भोंगा होता. घड्याळ हवं होतं डॉक्टरांना.

"ते बरोबर चालायला नको," डॉ. तेजल बिराजदार सगळ्यांना समजावत. "रोज तेवढंच चुकायला हवं. तुमचा हात किती हलतो, कसा टेकतो, किती गरम असतो, त्यावर चूक ठरते. ही तुमची मनगटचाल. ती आतल्या चकतीवर कोरली जाते. चाल बिघडली की कंपवात येतोय म्हणून समजा, हात थरथरण्याच्या कितीतरी आधी."

सलूनवाल्या ओंकार झेंडेंची चाल उन्हाळ्यात बिघडली. वस्तरा धरणारा हात! ओंकारनं घाबरून कंपवात रोखणारं इंजेक्शन घेतलं. आता पावसाळा सरला होता आणि त्याचे दोन्ही हात लटपटत होते. दवाखान्यात त्याच्या शेजारी बायको, तन्वी, रडवेली होऊन बसली होती.

"असं कसं झालं?" डॉक्टर चक्रावल्या. "ते औषध रोगट पेशी मारतं. निरोगी माणसाला दिलं, तर चांगल्या पेशी मारतं. घड्याळ कधी काढायचात का?"

"काढणारच की! साबणाच्या पाण्यात बुडवू होय? घरीच असायचं. तपासणीला येताना तेवढं घालायचो."

"मग ते बंद पडायला हवं होतं."

"बंद पडू देईन का मी?" तन्वी फणकारली. "घरात बंद घड्याळ म्हणजे अपशकुन. मीच घालते की रात्रंदिवस! हे बघा."

डॉक्टरांनी तिच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"ताई, हात पुढे करा," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

तन्वीनं हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "अलीकडेच होतंय," ती म्हणाली. "दमते ना मी."

"अहो डॉक्टर, हिला ते इंजेक्शन द्या!" ओंकार ओरडला. "आत्ताच्या आत्ता द्या!"

"थरथर सुरू झाल्यावर ते लागू पडत नाही, झेंडे."

ओंकारनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरायला पाहिलं. धरवेना. जळो मेलं ते घड्याळ! तिच्या थरथरत्या मनगटावर त्याला चावी मात्र भरपूर मिळत होती.