भिंतीपलीकडचा दादा

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चार दिवसांत टाळेबंदी लागून सगळं बंद झालं. तिच्या सोबतीला ठेवलेली बाई आपल्या घरी निघून गेली. डोळ्यांवर हिरवी झापडं, घरात एकटी. म्हणून मी आणि दादा निघालो. पास काढला, डबा घेतला, गाडीत सॅनिटायझरचा वास भरून राहिला होता. तेरा तासांचा रस्ता, मध्ये एक राज्याची हद्द. एवढंच काम होतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. हद्दीवरच्या नाक्यावर आम्हाला अडवलं तेव्हाही त्याची थट्टा चालूच होती. "अडकलेल्यांना बाहेर काढणं हा माझा धंदा, साहेब. मलाच कुठे अडकवताय?"

साहेब हसले नाहीत. नियम सकाळीच बदलला होता. पुढे जायचं तर आधी सात दिवस विलगीकरण, आणि मागे फिरायचं तर आमच्याकडच्यांनी मागचा रस्ता बंद केलेला. आमच्या मनगटांवर शिक्के मारले आणि रस्त्यालगतच्या एका लॉजवर नेलं. मला सात नंबरची खोली, दादाला आठ. दारं बाहेरून लावून घेतली. कडी सरकल्याचा तो आवाज मला अजून नको वाटतो.

खिडकीबाहेर हातभर अंतरावर दुसरी भिंत. फिनेलचा वास. जेवण दाराबाहेर खुर्चीवर ठेवायचे, कडी काढायचे आणि मी ताट आत ओढलं की पुन्हा लावायचे. आमच्या दोघांत चार्जर एकच, तो माझ्या पिशवीत राहिला, त्यामुळे दादाचा फोन संध्याकाळपर्यंत बंद पडला. पण भिंत पातळ होती.

"चिमे, जेवलीस का गं?" पहिल्या संध्याकाळी त्यानं विचारलं. आवाज जरा बसलेला. अंग कसकसतंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दिवसभर गप्प होता. झोपला असेल म्हटलं. उन्हं उतरल्यावर पलंगाच्या उशाशी, भिंतीतून, अगदी हळू आवाज आला.

"घर... किती लांब आहे?"

"अजून पाच तास. ताप उतरला का?"

"रस्ता सांग."

मला वाटलं, तापात आहे, घराची ओढ लागली आहे. मी सांगत गेले. पूल, पाण्याची टाकी, डावीकडची गल्ली, निळं फाटक. तो मधेच नुसता श्वास घ्यायचा. तिसऱ्या संध्याकाळी त्यानं आईचं विचारलं. तिला किती दिसतं? दार कोण उघडतं? मधली खोली रिकामीच असते का? मी सगळं सांगितलं. बोलायला दुसरं होतं कोण? त्या चार भिंतींत तो आवाज हाच माझा आधार होता. फक्त त्यानं मला एकदाही चिमे म्हटलं नाही, हे मनात टोचत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ताट घेऊन आलेल्या माणसाला मी दाराआडून म्हटलं, "आठ नंबरला गरम पाणी द्या हो. माझ्या भावाला बरं नाही."

पांढऱ्या पोशाखातला तो माणूस थांबला. "आठ नंबर रिकामा आहे, ताई. त्यांना पहिल्याच रात्री दवाखान्यात नेलं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"अहो, कालच बोललो आम्ही..."

त्यानं कडी लावली. त्याची पावलं घाईघाईनं लांब गेली.

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. भिंतीकडे बघायचा धीर होईना. आणि मग, मी काहीच न बोलता, पलीकडून आवाज आला.

"आता सापडेल."

त्यानंतर भिंत मुकी झाली. मी दार बडवलं, ओरडले. कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. "अगं, दादा पोचला बरं का! तुला सोडून पुढे आला, म्हणून रागावले मी."

"आई... तू पाहिलंस त्याला?"

"मला मेलीला काय दिसतंय! पण नियमाचा पक्का हो. मधल्या खोलीत गेला, आतून कडी लावून घेतली. चौदा दिवस वेगळं राहायचं म्हणतो."

"आई, तू बाहेर जा. शेजारच्या काकूंकडे जा. आत्ता!"

"वेडी का काय? पोटच्या पोराला एकटं टाकून जाऊ?"

मी काकूंना फोन केला. त्या बिचाऱ्या अंगणापर्यंत गेल्या. बाहेरून माणूस आलाय म्हटल्यावर उंबरा कोण ओलांडणार? पोलिसांना फोन केला, तर विलगीकरणातल्याला उठवता येत नाही म्हणाले. मी रोज आईला विचारायची आणि प्राण कानांत आणून ऐकायची.

"जेवतो का गं तो?"

"ताट तसंच परत येतं. भिंतीपलीकडून बोलतो तेवढंच. तुझंच विचारतो. कधी येणार, कुठे झोपणार."

आठव्या दिवशी सकाळी दार उघडलं. खाली गाडीपाशी दादा उभा होता. उतरलेला, पण हसरा. साधा ताप निघाला होता. मी त्याच्या गळ्यात पडले आणि सगळं सांगितलं. पुढचे पाच तास त्यानं एकही थट्टा केली नाही.

आई दारात आली. दादानं तिचा हात धरला. तिनं त्याचा चेहरा चाचपला, कान चाचपले. "मग आत कोण आहे रे?" ती पुटपुटली.

मधल्या खोलीला आतून कडी होती. दादानं हाका मारल्या. मग खांद्यानं दार मोडलं. खोली रिकामी. खिडकीला गज, पलंगावरच्या चादरीची घडीसुद्धा न मोडलेली.

पलंगाशेजारच्या भिंतीवर, निजलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, तळहाताएवढा ओला डाग होता. काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा. त्या भिंतीपलीकडे या घरातली माझी झोपायची खोली. आम्ही तिघं बघत असतानाच तो डाग कडेकडेनं वाळत आला, पार पुसट झाला.

आणि मग, सावकाश, पुन्हा ओला झाला.