जंगलातला पांढरा चौकोन

हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर शेवट तरी धड केला असता.

तारीख चौदा फेब्रुवारी २०१५. शनिवार. भर दुपारचे अडीच.

जागा ऑल्डरहोप गावामागचं गॉर्स्टी जंगल. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीजवळ. या गावात मला तेव्हा एकतीस वर्षं झाली होती. त्यातली बरीच नर्स म्हणून गेली. मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, त्यांची कधी भीती वाटली नाही.

त्या दिवसापर्यंत तरी नाही.

आमच्या गावच्या इतिहास मंडळाचं एक पत्रक निघतं. त्यात मी निसर्गनोंदी लिहिते. कुठलं फूल कधी उमललं, कुठला पक्षी कधी परतला. त्या आठवड्यात मी लिहिलं, की गॉर्स्टीच्या अगदी आत, जिथे वाटसुद्धा जात नाही तिथे, स्नोड्रॉप फुललेत. बर्फातून मान खाली घालून उगवणारी इवली पांढरी फुलं.

पण विखुरलेली नाहीत... एका चौकोनात.

मंडळाची सेक्रेटरी थेल्मा. शाळेतून निवृत्त झाली, पण शिकवायचं सोडलेलं नाही. लगेच तिचा फोन आला.

"कुमुद, चौकोनात फुलं आपोआप येतात होय? कुणीतरी घराभोवती लावली असणार. तिथे घर होतं! टेप आण, सुतळी आण. उद्या मोजायचं."

त्याच संध्याकाळी विल्फ बेडोज ते पत्रक हातात घेऊन माझ्या दारात उभे. वय पंच्याऐंशी. एकटेच राहायचे.

"ते घर आमचं होतं," ते म्हणाले. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. झाडांच्या सावलीत जुना बर्फ तसाच होता. घराचा एक दगड शिल्लक नव्हता, लोकांनी कधीच उचलून नेले होते. आम्ही फुलांच्या कडेने खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. विल्फ काठीने दाखवत होते. इथे चूल. इथे आईची खुर्ची. आणि हे दार. तिथे आम्ही सुतळीत तीन फुटांची फट ठेवली.

थेल्मा सुतळी ओलांडून आत आली.

"बाई! भिंतीतून कसल्या येता? दारातून या."

"अहो, सुतळी आहे ती, विल्फ."

"तुमच्यासाठी असेल."

आम्ही दोघी हसलो. विल्फ हसले नाहीत.

एक रॉबिन पक्षी मघापासून आमच्या मागेमागे होता. माती उकरली की किडे मिळतात ना. सारखा गात होता.

तो थांबला.

मग माझ्या लक्षात आलं... वाराही ऐकू येत नव्हता. वर शेंडे हलत होते. आवाज नव्हता.

आणि मग...

टक टक.

"सुतारपक्षी," थेल्मा पुटपुटली.

सुतारपक्षी मी वर्षानुवर्षं नोंदवलाय. तो एका दमात दहा-बारा ठोके मारतो. हे दोनच होते. मध्ये थोडं थांबून, पुन्हा दोन.

टक टक.

लाकडावरच वाजत होतं. झाडावर नाही. सुतळीतल्या त्या फटीत. आणि खालून, कमरेच्याही खालून.

तिथे काही नव्हतं. नुसती हवा.

विल्फ पांढरे पडले होते.

"ऑलिव्ह," ते म्हणाले.

"कोण ऑलिव्ह?"

"बहीण माझी. चार वर्षांची." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आई-बाबा लाकडं आणायला गेले होते. ही बर्फात खेळायला बाहेर गेली. मला थंडी वाजत होती गं. मी सात वर्षांचा. स्टुलावर चढलो आणि आतून कडी लावली. मग ती ठोठावायला लागली. मला वाटलं, राहू दे जरा. मजा."

"मग?"

"मग ठोठावायची थांबली."

"सापडली ना पण?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"आईने त्यानंतर दार लावूच दिलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तीही गेली. मी कुणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा बोलतोय. आई गेल्यापासून, सत्त्याहत्तर वर्षांत, इथे पाऊल टाकलं नाही मी."

टक टक.

ते त्या फटीकडे निघाले. मी त्यांची बाही घट्ट धरली.

"विल्फ, नको. चला घरी. थंडीने काहीतरी होतंय आपल्याला."

"सोड, पोरी. एकदा उघडलं नाही मी."

त्यांनी हात वर केला... हवेतच काहीतरी उचललं.

कडी वाजली. लोखंडाची. मी शपथेवर सांगते, ती मी ऐकली. थेल्मानेही ऐकली.

थंडगार काहीतरी माझ्या अंगाला घासून आत गेलं.

"आलीस?" विल्फ रडत होते, हसत होते. "फार थंडी वाजली का गं? चल. चल घरी जाऊ."

थेल्माने माझा दंड आवळला. ती खाली बघत होती.

दारापासून आत, बर्फात, पावलं उमटली होती. अनवाणी. दाराबाहेर एकही नाही.

आणि ती चार वर्षांच्या पोरीची नव्हती.

मी शेजारी माझा बूट ठेवून पाहिला. ते पाऊल बुटाहून वीतभर लांब होतं. आणि खोल... फार खोल.

"काही बोलू नकोस," थेल्मा कुजबुजली. "त्यांना काही बोलू नकोस."

विल्फ पुढे चालायला लागले. डाव्या हाताने हात धरून. म्हणजे कुणाचातरी हात धरून.

चार वर्षांच्या मुलीचा हात धरायला माणूस आपला हात खाली सोडतो. विल्फचा हात वर होता. खांद्याच्याही वर. लहान मूल मोठ्या माणसाबरोबर चालतं, तसे ते चालले होते.

आम्ही खुंट्यासुद्धा काढल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी मी धीर करून त्यांच्या घरी गेले. इतकं खुललेलं त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. दाढी केलेली. केक आणलेला.

"हळू बोल," ते म्हणाले. "वर झोपलीय."

मी कप हातात घेतला.

"विल्फ... तुम्ही पाहिलंत तिला? म्हणजे, तोंड पाहिलंत?"

"अजून नाही. लाजते. पाठ करून बसते." ते कौतुकाने हसले. "चारच वर्षांची आहे ती, कुमुद."

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी उठलं.

एक पाऊल. छताच्या फळ्या वाकल्या. दिवा हलला.

दुसरं पाऊल... जिन्याकडे.

"बघ, जागी झाली," विल्फ म्हणाले.

मी कप तिथेच टाकून बाहेर पळाले.

ऑक्टोबरात विल्फ गेले. झोपेत, शांतपणे, असं डॉक्टर म्हणाले. तोवरचे आठ महिने मी रस्त्यावरून त्यांना खिडकीत पाहायची. ते कुणाशीतरी बोलत असायचे, वर बघून. मला हात करायचे. मीही करायची.

त्या पावलांबद्दल मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं का... ते मला अजूनही कळत नाही.